पहिली वेलांटी

'या वेळी दौऱ्याची सबब चालायची नाही,' असं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. कारण दुसऱ्या ओळीत होतं. 'रविवारी सकाळी दहा वाजता आपण सभागृहात हजर असणार हे मला वर्तमानपत्रात छापून येण्याच्या आदल्या दिवशीच कळलं. त्या जाहिरातीचं प्रूफ मीच वाचलं. आपल्या नावाखालच्या मजकुरात दोन चुका होत्या, त्या काढल्या आहेत. मी येतो आहे.'

टपालबाईंनी पत्राची घडी घातली, परत उघडली, परत वाचलं. 'मी येतो आहे' हे शब्द काही बदलले नव्हते. गुरुवार होता. मध्ये दोनच दिवस उरले होते.

पत्र अर्थात त्यांना आलेलं नव्हतं. त्यांच्या नावाने आयुष्यात जी काही पत्रं आली असतील ती दातांच्या दवाखान्याची. हे पत्र सरांना होतं, आणि सरांना येणारं प्रत्येक पत्र उघडणं, वाचणं आणि सरांच्या वतीने त्याला उत्तर लिहिणं हेच बाईंचं एकतीस वर्षांचं काम होतं. म्हणून तर सगळे त्यांना टपालबाई म्हणत.

सर म्हणजे डबीवाले सर. कमी ऐकू येणाऱ्या माणसाने खिशात ठेवायची आणि तारेने कानाला जोडायची ती काडेपेटीएवढी डबी त्यांनी शाळेमागच्या शेडमध्ये तयार केली, तेव्हा ते विज्ञानाचे साधे मास्तर होते. त्या डबीने कितीतरी माणसांना घड्याळाची टिकटिक ऐकवली, पोरांचं रडणं ऐकवलं. मग सरांचं जे व्हायचं ते झालं. फोटो आले, मानपत्रं आली, पाठ्यपुस्तकात धडा आला, एका चौकाला नाव मिळालं. दुकानाची फीत कापायला सर, वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक सर, लग्नात नवरानवरीच्या मध्ये फोटोला उभे राहायला सर. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली, मग सवय झाली, आणि मग त्याशिवाय करमेनासं झालं. ज्या टेबलावर डबी जन्मली त्या टेबलावर आता सन्मानचिन्हं ओळीने मांडलेली होती आणि सरांनी हातात स्क्रूड्रायव्हर धरल्याला वीस वर्षं उलटली होती. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या टेबलावरची धूळ त्याच पुसत.

पत्रं मात्र रोज येत. बाई नोकरीला लागल्या तेव्हा सर सांगत आणि त्या लिहीत. पण लोकांना सरांचं अक्षर हवं असायचं. "बाई, तुम्ही माझं अक्षर काढायला शिका बघू," सर एक दिवस म्हणाले. बाईंनी रेघी वह्या आणल्या आणि तीन महिने सरांचं अक्षर गिरवलं. ट-चं शेपूट लांब, अनुस्वाराला टिंबाऐवजी बारीकसं वर्तुळ, र जरा कलंडलेला. तीन महिन्यांनी सरांनी एक पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि विचारलं, "हे मी कधी लिहिलं?" दोघंही पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून सरांनी पत्रांवर सही करणंही सोडून दिलं. बाईंचं स्वतःचं अक्षर कसं होतं ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. घरच्या सामानाची यादीसुद्धा त्या एका थोर संशोधकाच्या हस्ताक्षरात लिहीत आणि वहिनी ती खुशाल दुकानात टाकून येई.

रविवारी येणारे गृहस्थ एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकून काढायच्या, हे त्यांचं काम. नवव्या वर्षी तापात त्यांचे कान गेले होते. डबीमुळे समोरच्याचं बोलणं शांत जागी बऱ्यापैकी ऐकू येई, गर्दीत मात्र नुसती खरखर. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी सरांना आभाराचं चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. बाईंनी नेहमीचं उत्तर लिहिलं आणि शेवटी 'अनेक आशिर्वाद' असं लिहून सरांची सही ठोकली. आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. 'शि'वर लाल शाईची रेघ, समासात छापखान्यातली खूण, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'इथे दुसरी वेलांटी, सर. धंद्याची खोड आहे, राग मानू नये.'

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांच्या नावावर चूक, आणि तीही वेलांटीची. त्यांनी क्षमा मागणारं पत्र लिहिलं, दोनदा तपासलं, आणि मग मनात काय आलं कुणास ठाऊक, शेवटी पुन्हा 'आशिर्वाद' लिहिलं. पहिलीच वेलांटी, आणि या खेपेला मुद्दाम. उलट टपाली उत्तर आलं, 'सर, आपण सुधारणार नाही.'

तेव्हापासून तो खेळ चालू होता. साऱ्या जगाला बाई आशीर्वाद अगदी शुद्ध पाठवत. या एकाच माणसाला पहिल्या वेलांटीचा. सरांच्या अक्षरात, सरांच्या कागदावर, सरांच्या सहीने जाणाऱ्या त्या पत्रांत तेवढी एक वेलांटी त्यांची स्वतःची होती.

आणि खरं सांगायचं तर नुसती वेलांटीच नव्हती. अठरा वर्षं दर महिन्याला एक पत्र येत होतं आणि एक जात होतं. भेटायला येऊ का, असं त्यांनी विचारलं की बाई सरांचा दौरा पुढे करत. मुद्रितशोधकांची बायको गेली तेव्हा त्यांनी अकरा पानं लिहिली होती, आणि बाईंनी उलट नऊ पानं. घरात बोलायला कुणी नाही, आणि असतं तरी ऐकू कुठे आलं असतं, असं ते गमतीने लिहीत, आणि ती गंमत वाचून बाई डोळे पुसत. 'माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे आपण एकटे,' असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. तो माणूस आता दोन तासांचा प्रवास करून सरांसमोर उभा राहणार होता, आणि सर विचारणार होते, 'आपण कोण?'

"सांगून टाका की वन्सं," संध्याकाळी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली. घरात तिला एकटीलाच हे सगळं ठाऊक होतं. "सरांना कुठे वेळ असतो, मीच लिहीत होते म्हणावं. फासावर थोडेच देणार आहेत?"

"आणि तू कोण म्हणून विचारलं तर?"

"टपालबाई म्हणायचं. खोटं आहे का?"

"वहिनी, बायको गेल्यावर त्यांनी काय काय लिहिलंय ते तुला माहीत नाही गं. ते एका मोठ्या माणसाला लिहिलं त्यांनी. त्या माणसाने वेळ काढून आपल्याला उत्तर दिलं, याच्यावर उभे आहेत ते. आणि आता कळणार, की सरांनी एक ओळ वाचलेली नाही, ऑफिसातली एक बाई सगळं वाचत होती. अठरा वर्षं फुकट नाही जायची त्यांची?"

वहिनीने देठं बाजूला सारली. "त्यांचं काय होईल ते सांगितलंत. तुमचं काय होईल ते नाही बोललात."

"माझं काय व्हायचंय?"

"काही नाही. महिन्याच्या पाच तारखेच्या सुमाराला तुम्ही घरात गुणगुणत असता, एवढंच म्हणतेय मी."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅसवर नसलेलं दूध उतू जातंय का ते बघत उभ्या राहिल्या.

सरांना एकटं गाठणं कर्मकठीण होतं. रविवारी सरांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा होता आणि सरांचा जावई सकाळपासून त्यांच्या मागेपुढे नाचत होता. सरांनी कुठला कोट घालायचा, कुठल्या पायरीवर थांबून हात हलवायचा, कॅमेऱ्याला कुठली बाजू द्यायची, हे सगळं तोच ठरवत असे. शनिवारी दुपारी तो फुलांची व्यवस्था बघायला गेला तेव्हा कुठे सर जुन्या शेडमध्ये एकटे सापडले. भाषणाचे कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"सर, एक बोलायचं होतं."

"सुट्टी हवीय?"

"नाही."

बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत सरांसमोर इतकं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या. सरांनी कागद बाजूला ठेवले.

"दर महिन्याला पत्र? अठरा वर्षं?"

"हो सर."

"आणि मी काय लिहितो त्यांना?"

"सगळंच. वाचलेली पुस्तकं, हवापाणी, गुडघेदुखी."

"कुणाची गुडघेदुखी?"

बाईंनी खाली बघितलं. "तुमची."

"अहो, माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"पत्रात दुखतात, सर."

सर हसले. बाईंना जरा धीर आला. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून पुढे केली. सरांना ठाऊक असायला हव्यात अशा गोष्टी त्यांनी नीट क्रमाने लिहून आणल्या होत्या. सर आपल्याच अक्षरातली ती चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले. "पत्नीला जाऊन सहा वर्षं. मुलगा परदेशी, फारसं विचारत नाही. छापखान्यात खिडकीशेजारची जागा, ती त्यांना सोडवत नाही. आशीर्वाद लिहिताना शि पहिली... हे काय?"

बाईंनी वेलांटीची गोष्ट सांगितली.

"मी?" सर ताठ बसले. "मी मास्तर होतो बाई! पोरांच्या वेलांट्या सुधारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी चुकवीन ती?"

"अठरा वर्षं चुकवताय, सर. म्हणून हात जोडून सांगते, त्यांच्या वहीत काही लिहू नका. गर्दीत ऐकू येत नाही म्हणून ते खिशात वही ठेवतात आणि पुढे करतात. हात थरथरतो म्हणा, काहीही म्हणा, पण लिहू नका."

"बरं बरं." सर पुढे वाचू लागले. "आईला जाऊन अकरा वर्षं, थंडीचे दिवस, पहाटे..." ते थांबले. "माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली."

"हो सर."

"मग ही कुणाची आई?"

सन्मानचिन्हांच्या ओळीत एक जरा तिरकं उभं होतं, ते बाईंनी सरळ केलं. सरांनी चष्मा काढला.

"तुम्ही रजा घेतली होती का तेव्हा?"

"दोन दिवस."

"मी भेटायला आलो होतो?"

"तुमचा दौरा होता, सर."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मग त्यांनी काय लिहिलं? मुद्रितशोधकांनी?"

"लिहिलं होतं, सर, आज कुठल्याही समारंभाला जाऊ नका. आईची एखादी वस्तू हातात घेऊन बसा. आणि रडू आलं तर दार लावून रडा, मोठ्या माणसांना उघड्यावर रडता येत नाही." बाईंनी पर्स बंद केली. "मी दार लावलं होतं."

सर चिठ्ठीकडे बघत राहिले. शेवटी ती त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "पत्रातला मी माझ्यापेक्षा बराच बरा माणूस दिसतो, बाई," ते म्हणाले. "उद्याची काळजी करू नका. समोरच्याला बरं वाटेल असं वागायचं, एवढं एकच काम आता मला चांगलं येतं."

रविवारी सभागृह गच्च भरलं. मंचावर सरांचा दोन माणसं उंचीचा फोटो लावला होता आणि त्याच्याखाली बसलेले खरे सर बारके दिसत होते. भाषणं झाली. एका वक्त्याने सरांना दीपस्तंभ म्हटलं, दुसऱ्याने वटवृक्ष, आणि तिसऱ्याला काही उरलं नाही म्हणून त्याने दोन्ही म्हटलं. बाई दारालगतच्या टेबलाशी होत्या. आलेली फुलं आणि भेटी घेऊन मांडून ठेवायच्या, हे त्यांच्याकडे होतं. पण त्यांचं लक्ष खुर्च्यांच्या रांगांत होतं. 'मी उंच आहे आणि मानेत वाकलेला, थोडक्यात प्रश्नचिन्ह,' असं मुद्रितशोधकांनी एका पत्रात स्वतःचं वर्णन केलं होतं. सातव्या रांगेत ते प्रश्नचिन्ह बसलेलं बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. इस्त्रीचा शर्ट, कानातून खिशात गेलेली तार, आणि कुणी टाळ्या वाजवल्या की मागोमाग एक क्षण उशिरा वाजणाऱ्या टाळ्या. त्यांना जाऊन 'आलात? प्रवास नीट झाला ना?' असं विचारावं, इतकी साधी गोष्ट करायला बाईंचा जीव तळमळत होता.

समारंभ संपल्यावर सरांना भेटायला मंचाखाली रांग लागली. मुद्रितशोधक रांगेत उभे राहिले खरे, पण कुणी म्हातारं दिसलं, कुणी लहान मूल घेतलेली बाई दिसली, की ते बाजूला होऊन तिला पुढे सोडत. असं करता करता ते अगदी शेवटी राहिले. बाई गुच्छ घ्यायच्या निमित्ताने सरांच्या मागे येऊन उभ्या होत्या.

ते समोर आले, वाकले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात त्यांनी आपलं नाव सांगितलं. सरांनी दोन्ही हात पसरले.

"अहो, वेलांटीवाले! या, या! केव्हाची वाट बघतोय!"

मुद्रितशोधकांचा चेहरा असा काही उजळला, की बाईंना पाठ फिरवावी लागली. सर खरोखरच पट्टीचे निघाले. त्यांनी गुडघा चोळून दाखवला. खिडकीजवळची जागा अजून आहे ना, म्हणून विचारलं. प्रत्येक शब्द ओठांवरून वाचता येईल असा सावकाश बोलले. "तुमच्या पत्नी गेल्या तेव्हा मला यायला हवं होतं," असंही म्हणाले, आणि ते चिठ्ठीत नव्हतं.

"आपली नऊ पानं आली होती की," मुद्रितशोधक म्हणाले. "येऊन कुणी नऊ पानं बोलतं का, सर? आणि आपल्या आई..."

"आई," सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते डोळे कुठल्या आईसाठी भरले ते बाईंना कळलं नाही.

एवढ्यात कुणीतरी मागे खुर्च्या ओढायला सुरुवात केली. त्या गोंगाटात डबी खरखरली असावी. मुद्रितशोधकांनी कपाळाला आठी घातली आणि खिशातून वही काढून पुढे केली. जावई "चला, गाडी लागलीय" म्हणून घाई करत होता. आणि सरांनी, ज्यांच्यापुढे वर्षानुवर्षं वह्या धरल्या जात होत्या आणि वही दिसली की ज्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जात होता, त्या सरांनी वही घेतली, झरझर दोन शब्द लिहिले, सही केली आणि परत दिली. बाईंना 'सर!' म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

त्यांनी वाकून बघितलं. 'अनेक आशीर्वाद.' शी दुसरी. मास्तरांनी फळ्यावर काढावी तशी स्वच्छ, पुरी, दुसरी वेलांटी.

मुद्रितशोधकांनी वही डोळ्यांजवळ नेली. प्रूफ वाचतात तसं, एकेका अक्षरावर थांबत, ते वाचू लागले. अक्षर तेच होतं, सही तीच होती. बाईंनी हातातला गुच्छ घट्ट धरला. आता हे मान वर करतील आणि सगळं संपेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"दुसरी!" मुद्रितशोधक ओरडले. अर्धं सभागृह वळून बघू लागलं. "सर, दुसरी वेलांटी! अठरा वर्षांनी! सुधारलात, सर, तुम्ही सुधारलात!"

ते हसत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सर क्षणभर गोंधळले, मग तेही हसले. "तुमच्यापुढे कुणाचं चालतं?" ते म्हणाले. आजूबाजूच्यांनी काहीही न कळता टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने फोटो काढला. बाईसुद्धा हसल्या. संकट टळलं होतं, आणि एवढं छान टळलेलं त्यांनी स्वप्नातही बघितलं नसतं.

सरांनी मुद्रितशोधकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, "आता पत्रांचे कष्ट नका हो घेऊ. दर महिन्याला लिहायचं, पेटीत टाकायचं, या वयात कशाला? भेट झाली. तुमचं सगळं माझ्यापर्यंत पोचलंय."

"खरंय, सर." मुद्रितशोधकांनी वही छातीशी धरली होती. "आपल्यालाही त्रासच होता माझा. कधीतरी थांबायला हवंच होतं. आज समाधान झालं. आता लिहायचं काय राहिलं?"

सरांनी मागे वळून बाईंकडे बघितलं आणि हळूच डोळे मिचकावले. जमलं ना, असं विचारत होते. बाईंचं एक काम कमी केलं, असंच त्यांना वाटलं असणार. बाईंना त्या क्षणी सरांचा असा संताप आला, की हातातला गुच्छ तिथेच भिरकावून द्यावा. पण भिरकावून म्हणणार काय? त्यांनी जे मागितलं होतं ते सगळं सरांनी केलं होतं, थोडं जास्तच केलं होतं. जावयाने सरांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर नेलं. पाठोपाठ गर्दी गेली.

बाई टेबलापाशी परतल्या. गुच्छ एकावर एक रचायला त्यांनी सुरुवात केली. हात काम करत होते आणि डोळ्यांसमोर पाच तारीख येत होती, तिच्यापुढची पाच तारीख, आणि तिच्यापुढची.

"बाई, ऐकता का?"

मुद्रितशोधक टेबलासमोर उभे होते. इतक्या जवळ, की शर्टाच्या खिशाला लागलेला लाल शाईचा डाग दिसत होता.

"स्टेशनची बस कुठून सुटते हो? जरा इथे लिहून देता का? माझे कान असे, आणि इथे हा गोंगाट." त्यांनी वही उघडून पुढे धरली आणि वर पेन्सिल ठेवली. डाव्या पानावर सरांचा आशीर्वाद होता. उजवं पान कोरं होतं.

बाईंनी पेन्सिल उचलली. दोन शब्दांचं काम होतं. 'टाकीच्या कोपऱ्यावरून.' ट-चं शेपूट लांब, र जरा कलंडलेला. अठरा वर्षं रोज अक्षरं तपासणाऱ्या या माणसाला तो एक ट पुरला असता. सगळं त्याला कळलं असतं. आणि कळू दे, असं बाईंना फार वाटलं. इतकं वाटलं, की पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं. त्यांना म्हणायचं होतं, ती नऊ पानं माझी होती. आई माझी होती. गुडघा माझा दुखतो. तुम्ही येताना खिडकीजवळ बसलात ना, तुम्हाला बस लागते, मला ठाऊक आहे.

त्यांनी मान वर केली. मुद्रितशोधकांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान अजून तसंच होतं.

बाईंनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मान हलवली. हवेत बोटांनी लिहिल्यासारखं केलं आणि तळहात हलवून नाही म्हणून खूण केली.

"लिहिता येत नाही?" मुद्रितशोधकांनी त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं. खुर्च्या उचलणारी दोन माणसं वळून बघू लागली. एकाने बाईंना ओळखलं आणि तो काहीतरी बोलणार होता, पण बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो खुर्ची घेऊन निघून गेला.

त्यांनी पुन्हा मान हलवली. नाही येत.

मुद्रितशोधकांचा आवाज एकदम खाली आला. बहिरी माणसं आवाज खाली आणतात तेव्हा त्यांना फार जपून आणावा लागतो. "लाजू नका हो," ते म्हणाले. "शिकून घ्या. अजून काही वय गेलेलं नाही तुमचं. मलाही वाटायचं, आपण लिहून वाचणार कोण? पण लिहायला लागलं ना, की कुणीतरी उत्तर देतंच."

बाईंनी होकार दिला. मग टेबलामागून बाहेर आल्या, त्यांचा दंड धरला आणि त्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. रस्ता ओलांडताना दोघांनी दोन्हीकडे बघितलं. पाण्याच्या टाकीशी बस उभीच होती. बाईंनी बोटाने दाखवलं. मुद्रितशोधक चढले, वाकून म्हणाले, "उपकार झाले, बाई," आणि खिडकीजवळच्या जागेवर बसले.

काचेतून दिसत होतं. त्यांनी कानातली तार काढली, गुंडाळून खिशात ठेवली आणि वही उघडली. बस सुरू झाली तरी त्यांनी वर बघितलं नाही. ती वळेपर्यंत बाई थांबल्या, मग रस्ता ओलांडून परत आत आल्या. टेबलावरची फुलं अजून उचलायची होती.